रत्नागिरीतला ‘हिप्नोबर्थिंग’ क्लास : एका निवृत्त नर्सबाईचा अभिप्राय

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना खालचं सगळं वाचायला नको. संमोहनाच्या सरावाने बाळंतपणाच्या कळा सोसायला शिकवणारा हा क्लास चांगला आहे. शिकवणाऱ्या बाई त्याहून चांगल्या आहेत. त्यांच्या पत्रकावर ‘वेदनारहित प्रसूती’ असं छापलंय ते खोटं आहे. आणि वर १२०० रुपये घेऊन ऑडिओचा जो संच गळ्यात मारतात, तो घेऊ नका.

क्लासचं नाव लिहीत नाही. मारुती मंदिराच्या आसपास कुणालाही ‘ते डोळे मिटायला लावणारे गरोदर बायकांचे क्लास कुठे’ असं विचारा, बोट दाखवून सांगतील.

मी एएनएम, म्हणजे गावपातळीवर बाळंतपणं करणारी सरकारी नर्स होते. सगळी नोकरी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, थोडी राजापूर तालुक्यात, बाकी रत्नागिरीत. किती बाळंतपणं केली ते रजिस्टरात लिहिलेलं आहे, मी मोजत बसलेली नाही. लाइट गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात टाके घातलेत एवढं सांगितलं तरी पुरे. तेव्हा मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली आणि म्हणाली, ‘आई, मी संमोहनाच्या क्लासला नाव घातलंय,’ तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते ओळखा. आमच्या गावात शिमग्यात एकदा संमोहनाचा कार्यक्रम झाला होता. त्या माणसाने आमच्या ग्रामसेवकाला स्टेजवर कोंबड्यासारखं आरवायला लावलं होतं. ग्रामसेवकाची पुढे बदली झाली, पण लोक अजून आठवण काढतात.

‘तसलं नाही गो ते,’ मुलगी म्हणाली. ती बीफार्म आहे, सहजासहजी कशावर विश्वास ठेवत नाही. जावई जहाजावर, तो गणपतीला येणार आणि हिची तारीख जुलैची. क्लासला सोबतीला एक माणूस लागतो. म्हणजे मी.

दर रविवारी दुपारी दोन तास, असे सहा रविवार. दोघांचे मिळून ५००० रुपये. सातव्या महिन्यापासून घेतात. पहिल्याच दिवशी फॉर्म भरून घेतला आणि तो फॉर्म बघून मी जरा सरळ बसले. बीपी, साखर, आधीचं सिझर, वार खाली आहे का, फिट येते का, आणि मानसिक आजारासाठी कधी औषधं घेतलीत का. शेवटच्या प्रश्नाला ज्यांचं उत्तर हो, त्यांना बाई बाजूला घेऊन डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगतात, कारण भास होणाऱ्या किंवा भ्रम असलेल्या माणसाला संमोहनात न्यायचं नसतं. हे विचारणारा माणूस धंदा करत असला तरी जबाबदारीने करतो.

आणि हो, हा गर्भसंस्काराचा क्लास नाही. बाळ हुशार व्हावं म्हणून मंत्र, वीणा, तूप असलं काही इथे नाही. एका मुलीच्या सासूबाईंनी तशी चौकशी केली तेव्हा बाई हसून म्हणाल्या, ‘काकू, माझं काम फक्त आईपुरतं.’

आता शिकवतात काय. संमोहन म्हणजे झोप नाही, हे पहिल्या रविवारी तीनदा तरी सांगितलं असेल. सगळं ऐकू येतं, नको वाटलं तर डोळे उघडून उठता येतं, आणि मनात नसलेलं कुणी करून घेऊ शकत नाही. (मग ग्रामसेवकाचं काय, असा प्रश्न मला पडला, पण विचारला नाही.) चार आकड्यांत नाकाने श्वास घ्यायचा, आठ आकड्यांत सोडायचा. कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत एकेक भाग सैल टाकत जायचं. दहापासून उलटं मोजायचं. आणि हे चालू असताना सोबतच्या माणसाने दर वेळी खांद्यावर एकाच जागी हात ठेवायचा. रोज रात्री हेच. महिनाभरात असं होतं की नुसता हात ठेवला तरी अंग आपोआप सैल पडतं. यात जादूटोणा काही नाही, सवय आहे.

याच्या मागचा विचार जुना आहे. ग्रँटली डिक-रीड नावाचा एक इंग्रज डॉक्टर १९३० च्या दशकात सांगून गेला की भीतीने अंग आवळतं, आवळलं की दुखतं, दुखलं की भीती वाढते. बाईंनी फळ्यावर गोल काढून हे दाखवलं, आणि मला लेबर रूममधल्या कितीतरी बायका आठवल्या. रिक्षात कळा जोरात, आणि दवाखान्याचा उंबरा ओलांडला, टेबल बघितलं, की कळा थंड. घाबरलं की अंगात अॅड्रेनलिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनला ते मारक ठरतं, हे ट्रेनिंगमध्ये आम्हालाही शिकवलं होतं. पण त्या भीतीचं करायचं काय ते कुणी शिकवलं नव्हतं. ‘घाबरू नको’ एवढंच आम्ही म्हणायचो, आणि तेही ओरडून.

तिसऱ्या रविवारचा बर्फाचा प्रयोग मला सगळ्यात आवडला. बाईंनी प्रत्येकीच्या मुठीत बर्फाचा खडा दिला आणि घड्याळ लावलं. एक मिनिट धरायचा, कारण जोर धरलेली कळ साधारण तेवढी टिकते. पहिल्या वेळी काही न सांगता. निम्म्या जणींनी वीस सेकंदांत हात बदलला, एकीने खडा सरळ नवऱ्याच्या खिशात टाकला. दुसऱ्या वेळी तोच खडा, पण लांब श्वास सोडत, खांदे खाली, जबडा सैल. सगळ्यांनी मिनिट पुरं केलं. मीही धरला होता. सांगते, दुसऱ्या वेळीही बर्फ तेवढाच गार होता. दुखणं गेलं नाही, दुखण्याबरोबरची धडपड गेली. माझ्या मते अख्खा क्लास या एका मिनिटात आहे, आणि पत्रक छापणाऱ्याने ते मिनिट बघितलं असतं तर ‘वेदनारहित’ हा शब्द छापला नसता.

मिरकरवाड्याची एक मुलगी होती, ती मात्र दोन्ही वेळा पापणी न हलवता बसली. घरी पहाटे बर्फातून मासळी निवडायची सवय. बाईंनी तिला मग खडा मानेमागे लावायला सांगितला, तेव्हा कुठे तिच्या तोंडून ‘आई गं’ आलं, आणि सगळा वर्ग हसला.

चौथ्या रविवारी सोबतच्या माणसांची परीक्षा. गरोदर बाईने हात सैल सोडायचा, आपण मनगटाला धरून उचलायचा आणि सोडायचा. धप्पकन पडला तर सैल, हवेत तरंगत राहिला तर ती अजून स्वतःच धरून आहे. करून बघा, आपल्या माणसाला नुसतं सैल पडणं किती जड जातं ते कळेल. माझ्या मुलीचा हात पहिल्या वेळी झेंडावंदनाच्या काठीसारखा उभा राहिला होता. मग वाचन. एक छापील पान द्यायचे, ते आपण हळू आवाजात वाचायचं आणि आपल्या माणसाने डोळे मिटून ऐकायचं. माझी पाळी आली आणि दोन ओळींत बाईंनी हात वर केला. ‘काकू, तुमचा आवाज ड्यूटीवरचा आहे. जरा खाली घ्या.’ वर्गात मी नर्स असल्याचं तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या पानांबद्दल मात्र तक्रार आहे. मजकूर परदेशी कोर्सवरून उतरवलेला दिसतो. ‘तू बर्फाच्छादित शिखरांच्या पायथ्याशी पाइनच्या वनात उभी आहेस.’ अहो, आमच्या पोरी पाइन कुठे बघणार? मुलीने घरी ते खोडून आमच्या मागीलदारी बसवलं. पोफळीची बाग, पाटाचं पाणी, दुपारची वेळ. लगेच जमायला लागलं. आणखी एक म्हणजे, प्रत्येक पानावर ‘पतीने असे करावे’, ‘पतीने तसे म्हणावे’. पहिलं बाळंतपण माहेरी, नवरा मुंबईला नाहीतर बोटीवर, ही आमच्याकडची रीत. वर्गात नवरे होते त्याहून आया जास्त होत्या, एकीबरोबर तर भावजय होती. बाईंना हे मी बोलले. ‘पुढच्या छपाईत बदलते,’ म्हणाल्या. बघू.

‘संशोधनाने सिद्ध’ असंही पत्रकावर आहे. त्यावर आमच्या बीफार्मने शोधून काढलं ते सांगते. २०१६ साली कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणारी संस्था) नऊ अभ्यास एकत्र करून तपासले, मिळून २९५४ बायका. संमोहन शिकलेल्यांनी दुखणं कमी करणारी औषधं एकूण कमी घेतली. पण कमरेत देतात त्या एपिड्यूरलमध्ये ठळक फरक नाही आणि नॉर्मल डिलिव्हरीच्या प्रमाणातही नाही. त्याआधी २०१५ मध्ये ब्रिटनमधला ६८० पहिलटकरणींचा अभ्यास आला, त्यातही एपिड्यूरल घेणाऱ्या जवळपास तेवढ्याच निघाल्या. पण ज्यांनी सराव केला त्यांना भीती आणि काळजी, आधी वाटली होती त्यापेक्षा कमी वाटली. म्हणजे पत्रकाने जे छापायला हवं होतं ते ‘भीती कमी होते’ एवढंच, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी ५००० दिले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं आणि श्वासाच्या, अंग सैल सोडण्याच्या पद्धती तिला हव्या असल्यास द्याव्यात, असं आहेच.

बाई गोष्टी छान सांगतात. जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८४५ पासून बंगालमध्ये हुगळीला, भुलीचं औषध हाताशी नसताना, रोग्यांना अशाच गुंगीत नेऊन ऑपरेशनं केली होती. पुढे १८४७ ला क्लोरोफॉर्म आलं आणि ती विद्या मागे पडली. ही गोष्ट चालू असतानाच लाइट गेली, पंखा बंद, आठव्या महिन्यातल्या बायका घामाने निथळतायत, आणि बाई अंधारात म्हणतात, ‘चला, हाही सरावच.’ इन्व्हर्टर घ्या हो बाई, फी कमी नाही तुमची.

आता माझी खरी तक्रार. सहा रविवारांत घरातून कधी निघायचं याला जेमतेम दहा मिनिटं. तीही शेवटच्या दिवशी, फोटो काढायच्या गडबडीत. ‘घरी जितका वेळ शांत राहता येईल तितकं चांगलं,’ असं बाई सांगतात. पुण्या-मुंबईत दवाखाना चार इमारतींवर असतो तिथे ठीक आहे. आम्ही पावसच्या पुढे राहतो. जुलैचा पाऊस, गोळपच्या उतारावर झाड आडवं, फोनला रेंज नाही, अशा रात्री ‘शांत राहा’ म्हणजे काय? आणि नीट सराव केलेली बाई खरंच शांत राहते, त्यामुळे घरच्यांना वाटतं अजून वेळ आहे. चेहऱ्यावरून अंदाज घ्यायची आपली जुनी पद्धत अशा बाईच्या बाबतीत चालत नाही. घड्याळ लावूनच बसायचं.

शेवटी मी बाईंची परवानगी घेऊन उभी राहिले आणि दवाखान्यात सांगायचे तेच सांगितलं. पाणी गेलं की कळा असोत नसोत, निघायचं. पाणी हिरवट असेल तर धावतच. अंगावरून रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, बाळाचं फिरणं कमी, यांतल्या कशालाही श्वास मोजत बसायचं नाही. १०८ चा नंबर भिंतीवर लिहा, गरोदर बायकांसाठी १०२ आहे. आणि दवाखाना तासाभरावर असेल तर तारखेच्या आधीच गावात कुणाकडे तरी येऊन राहा. सगळ्यांनी लिहून घेतलं. बाईंनीही लिहून घेतलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आमचं कसं झालं? पहाटे पाणी गेलं. शेजाऱ्यांची गाडी सांगून ठेवलेलीच होती. भाट्याच्या पुलावर आलो तेव्हा कळा दहा मिनिटांवर, आणि ही मागच्या सीटवर डोळे मिटून तिच्या पोफळीच्या बागेत. ड्रायव्हर दोनदा मागे वळून बघत होता की बाई बरी आहे ना. खासगी दवाखाना, नाव नको. तपासलं तर पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलेलं. सिस्टरने इअरफोन काढून घेतले. ‘इथे कानात काही चालणार नाही, मी बोलले तर ऐकू कसं जाणार?’ मला तिचं पटलं. १२०० रुपयांचा संच पिशवीत गेला तो घरी आल्यावरच बाहेर निघाला. मला आत सोडायलाही कुरकुर झाली. सरकारी दवाखान्यात सोबतीला घरची एक बाई आत घ्यावी असं केंद्र सरकारने २०१६ सालीच सांगितलंय, खासगीवाले अजून तोंड वाकडं करतात. जुनी ओळख निघाली म्हणून जमलं.

मग मी आणि माझा खाली घेतलेला आवाज. कळ आली की हात खांद्यावर, ‘सोड गो बाय, खांदे सोड, जबडा सोड.’ कंबरेच्या माकडहाडावर तळहाताने दाब, हेही क्लासात शिकवलेलं आणि फार उपयोगी. दोन कळांच्या मध्ये ती चक्क घोरायची. एवढ्या वर्षांत कळांमध्ये झोपणारी पहिलटकरीण मी क्वचित पाहिली. हात बधिर झालाय अशी कल्पना करायची एक युक्ती शिकवतात, ती कळांना अजिबात लागू पडली नाही, पण सलाइनची सुई लावताना पडली. एरवी रक्त तपासायला गेली तरी चक्कर येणारी पोरगी!

दुपारनंतर प्रगती थांबली, कळा वाढवायचं ड्रिप लावलं. ड्रिपच्या कळा वेगळ्या असतात, एकीवर एक चढतात, मध्ये घोरायला जागा राहत नाही. तिने मोजायचं सोडलं, मला ‘हात काढ’ म्हणाली आणि दुखण्याचं इंजेक्शन मागितलं. क्लासमध्ये याबद्दल एक वाक्य चांगलं सांगितलेलं होतं, की औषध मागितलं म्हणजे तुम्ही नापास नाही. ते तिथे कामाला आलं, कारण तिच्या तोंडावर अपराधी भाव दिसला नाही. शेवटी ओरडली, चांगली ओरडली, शेजारच्या खोलीतल्या आजीबाई दारात आल्या. मुलगी झाली, दोन किलो नऊशे. थोडे टाके पडले.

मुलीला विचारलं, पैसे वसूल? ती म्हणाली, ‘दुखलं तेवढं दुखलंच, पण मी घाबरले नाही. आणि तू ओरडली नाहीस.’ दुसरं वाक्य तिने जरा जोर देऊन म्हटलं.

तर जायचं असेल त्यांच्यासाठी. घरी रोज सराव करणार नसाल तर जाऊ नका, नुसतं रविवारी डोळे मिटून काही होत नाही. ज्यांचं सिझर आधीच ठरलंय त्यांनाही बाई घेतात. टेबलावर जाताना सुईचं आणि श्वासाचं कामाला येईल, पण निम्मा क्लास तुमच्यासाठी नाही, फी कमी करून मागा. सोबतीला तोच माणूस आणा जो त्या दिवशी खरंच हजर असणार आहे. ऑडिओऐवजी त्याच माणसाच्या आवाजात फोनवर पान रेकॉर्ड करून घ्या, फुकटात होतं. सतरंजी मिळते, उशी आपली न्या.

आणि जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. कठडा एकाच बाजूला. पावसात जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा चपला खाली काढू नका, वर गेल्यावर काढा. मालकांना सांगून झालंय. ब्लीचिंग पावडर टाकतो म्हणालेत.